एक्सपीवरची डबलबारी: जुन्या कॉम्प्युटरमधलं रेकॉर्डिंग आणि कूल एडिट नव्या लॅपटॉपवर कसं न्यावं?

कर्लीकाठ

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

घरी कुडाळला बाबांचा जुना डेस्कटॉप आहे. पेंटियम ४, विंडोज एक्सपी, ८० जीबीची डिस्क. बाबांना डबलबारी भजनांचा, म्हणजे दोन बुवा समोरासमोर सवाल-जवाब करत गातात त्या भजनांचा, भयंकर नाद. पंचक्रोशीत जिथे बारी तिथे हे टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत. २००६ च्या सुमारास त्यांनी कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. बहुतेक काम कूल एडिट प्रो २.१ या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, नंतरचं थोडं तसल्याच ऑडॅसिटी १.२ मध्ये. सगळं मिळून ६० जीबीच्या आसपास भरतं.

आता माझ्याकडे विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. कूल एडिट जसंच्या तसं त्याच्यावर नेता येईल का? सीडी सापडत नाही, पण प्रोग्रॅम फाइल्समधला त्याचा फोल्डर शाबूत आहे. बाबांचा हात त्याच्यावरच बसलाय, दुसरं काही शिकायचं म्हटलं की विषय बदलतात. आणि रेकॉर्डिंग कसं हलवू? ऑडॅसिटीच्या काही फाइली जेमतेम काही केबीच्या दिसतात. तासाभराची बारी त्यात मावली कशी?

मशीन सुरू होतं, पण दर वेळी होईलच असं नाही. आगाऊ धन्यवाद.

तिरफळ

तो कॉम्प्युटर अजून चालू असा ह्याच मोठा. देवाक नारळ ठेव आणि आधी कॉपी मार, गजाली मगे.

रिळवाला

तिरफळ गमतीत बोलले, पण क्रम तोच आहे. सॉफ्टवेअर राहिलं तर राहिलं, आवाज आधी बाहेर काढा.

कूल एडिटचा नुसता फोल्डर उचलून चालत नाही. इन्स्टॉल होताना विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, नोंदी होतात, नोंदणीचा तपशीलही बऱ्याचदा तिथेच असतो, आणि हे काही फोल्डरबरोबर येत नाही. त्या काळात लोक सॉफ्टवेअर डाउनलोड करून डिस्कच्या कुठल्यातरी कोपऱ्यात ठेवायचे, तेव्हा मूळ इन्स्टॉलरची फाइल शोधून बघा. प्रोग्रॅम ३२ बिटचा आहे आणि विंडोज ११ वर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, त्यामुळे इन्स्टॉलर आणि नोंदणी क्रमांक दोन्ही हाती लागले तर प्रयत्न करायला हरकत नाही. नव्याने विकत मिळायचं मात्र विसरा. सिंट्रिलियमकडून ॲडोबीने २००३ मध्ये कूल एडिट घेतलं, तेच पुढे ऑडिशन झालं.

आता त्या केबीवाल्या फाइलींबद्दल. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण जुनी रेकॉर्डिंग सगळ्यात जास्त इथेच जातात. डॉट एयूपी या फाइलीत आवाज नसतोच. कुठला तुकडा कुठे लावायचा याची ती मजकुरातली यादी आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर वाचता येते. आवाज शेजारच्या फोल्डरात असतो, त्याच नावाच्या पुढे अंडरस्कोर आणि 'डेटा' लिहिलेल्या. त्यात एयू प्रकारच्या शेकडो बारक्या फाइली दिसतील. एकेक फाइल एक एमबीच्या आसपास, म्हणजे ऑडॅसिटीच्या नेहमीच्या ३२ बिट मांडणीत एका चॅनलचा साधारण सहा सेकंदांचा आवाज. तासाभराच्या स्टिरिओ बारीचे बाराशेच्या आसपास तुकडे होतात. यादी नेली आणि फोल्डर मागे राहिला की हाती शून्य. फोल्डर नेला आणि यादी हरवली की हाती बाराशे तुकडे, आणि त्यांच्या नावांवरून क्रम कळत नाही.

तेव्हा ते दोन्ही एकत्र, नावं न बदलता कॉपी करा. शिवाय जुनं मशीन चालतंय तोवर तिथल्याच ऑडॅसिटीत एकेक प्रोजेक्ट उघडून डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाची साधी फाइल) म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवा. २०२१ मध्ये आलेल्या ऑडॅसिटी ३.० पासून सगळा प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलीत मावतो, पण ती फाइल जुन्या ऑडॅसिटीत उघडत नाही. म्हणजे परतीची वाट बंद.

एडिसनकर

कर्लीकाठ, दोन्ही मशीन घरच्या राउटरला जोडा आणि फोल्डर शेअर करा. केबल ओढायची, की काम झालं. आम्ही पूर्वी हेच करायचो.

सोल्डरताई

एडिसनकर, एक्सपी आणि विंडोज ११ मध्ये ते आता सहज जमत नाही. एक्सपीला फाइल शेअरिंगची एसएमबी ही पद्धत तिच्या पहिल्या आवृत्तीतच येते, आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवलेली असते. चालू करता येते, पण ती बंद का केली ते आठवा: त्याच वर्षी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने त्याच खिडकीतून उड्या मारल्या होत्या. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय. ते मशीन नेटला लावूच नका.

पेनड्राइव्हने करायचं तर दोन अडचणी. ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. आणि एक्सपीने 'हाय-स्पीड डिव्हाइस हाय-स्पीड नसलेल्या हबला लावलंय' असा फुगा दाखवला, तर तो पोर्ट यूएसबी १.१ च्या वेगाने चाललाय असं समजा. सेकंदाला जेमतेम एक एमबी. ६० जीबीला सोळा-सतरा तास, आणि तेवढा वेळ तुमचं मशीन तग धरेल याची खात्री कोण देणार?

मी असते तर डिस्कच बाहेर काढली असती. त्या काळातली आहे, म्हणजे बहुधा आयडीई. मागे रुंद पट्टीची केबल आणि चार पिनांची जाड पॉवर असेल. आयडीई-यूएसबी अडॅप्टर बाजारात मिळतो. घेताना त्याच्यासोबत स्वतःचा पॉवर सप्लाय आहे ना, ते बघा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. डिस्कच्या मागची जंपर नावाची बारीक टोपी 'मास्टर'वर ठेवा. डिस्कच्या पिनांच्या दोन रांगांमध्ये मधली एक पिन मुद्दाम नसते, आणि केबलच्या सॉकेटात तेवढंच भोक बुजवलेलं असतं. ते जुळवून सरळ दाबा. तिरकं दाबलं की पिन वाकते, आणि वाकलेली पिन सरळ करताना तुटते.

लॅपटॉपला लावल्यावर 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारलं तर काहीही झालं तरी रद्द करा. 'परवानगी नाही' असं आलं तर घाबरू नका, एक्सपीत पासवर्ड लावलेल्या खात्याचा माय डॉक्युमेंट्स फोल्डर असा अडतो. गुणधर्मांमध्ये सुरक्षेच्या टॅबवर जाऊन मालकी स्वतःकडे घ्यायची.

आणि टकटक आवाज आला तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलेसुरलेही जातं.

चिंचगूळ

इतका उपद्व्याप कशाला? सगळ्याचं एमपी३ करा, १२८ केबीपीएस. ६० जीबीचे पाच-साडेपाच जीबी होतील, एका पेनड्राइव्हवर बसतील, व्हॉट्सॅपवरही पाठवता येतील. गावच्या भजनाला स्टुडिओची क्वालिटी कशाला हवी?

रिळवाला

चिंचगूळ, ऐकायला एमपी३ करा की, कोण नाही म्हणतंय? पण मूळ प्रत फेकून एमपी३ ठेवू नका. १२८ ला सगळ्यात आधी मार बसतो तो झांजेला आणि टाळाला. डबलबारीत गजर चढला की वरच्या पट्टीत काय कल्लोळ असतो ते ऐकलंय ना? त्याचं एमपी३ केलं की झांज वाजत नाही, फसफसते. पुढे कुणाला त्यावर काम करायचं झालं, तर त्या फसफसीचं काही करता येत नाही.

जागेचा तर आता प्रश्नच नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला दहा एमबीहून थोडं जास्त. नव्वद मिनिटांची कॅसेट ९५० एमबीच्या आसपास. ६० जीबी म्हणजे साठेक कॅसेटी. आजकाल लग्नाच्या व्हिडिओलाच याहून जास्त जागा लागते. अगदीच वाचवायची असेल तर फ्लॅक करा. आकार निम्म्या-पाऊणवर येतो आणि आवाजाचा एक कणही जात नाही.

उलट टोकाचा सल्लाही कुणी देईल, '९६ किलोहर्ट्झ २४ बिट करून घ्या' म्हणून. १६ बिटमध्ये उतरवलेलं मोठ्या मापात ओतल्याने त्यात काही भर पडत नाही. आहे तसं ठेवा.

कर्लीकाठ

सगळ्यांचे आभार. सोल्डरताई, अडॅप्टर मागवलाय.

दरम्यान मशीन एकदाचं सुरू झालं तेव्हा फोल्डर बघून घेतले. कूल एडिटच्या फोल्डरात डब्ल्यूएव्हीशिवाय एसईएस आणि पीके अशा फाइली आहेत. त्यांचं काय करू? नावं म्हणाल तर आनंद आहे. 'बारी१', 'बारी१ फायनल', 'बारी१ फायनल न्यू', 'बारी१ फायनल न्यू चांगली'.

रिळवाला

पीके बिनधास्त सोडा. पडद्यावर लाट पटकन दिसावी म्हणून प्रोग्रॅमने काढलेलं ते चित्र आहे, लागलं तर पुन्हा तयार होतं. साउंड फोर्जच्या एसएफके फाइलींचंही तेच.

एसईएसचं थोडं बघावं लागेल. ते मल्टिट्रॅकचं, म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र वाजवायच्या मांडणीचं, सेशन आहे. त्यातही आवाज नसतो, कुठली फाइल कुठल्या ट्रॅकवर किती सेकंदांनी सुरू होते एवढंच असतं, आणि त्या फाइलींचे पत्ते जुन्या मशीनच्या ड्राइव्हच्या अक्षरांसकट लिहिलेले असतात. आताच्या ऑडिशनमध्ये ते थेट उघडत नाही. वाट आहे ती ऑडिशन ३.०.१ मधून: तिथे सेशन उघडायचं, एक्सएमएल म्हणून सेव्ह करायचं, ते सीएस५.५ आणि पुढच्या आवृत्त्यांत जातं. पण एवढ्यासाठी ऑडिशन ३ शोधत बसू नका. जुन्या मशीनवरच प्रत्येक सेशन उघडा, पूर्ण मिश्रणाची एक डब्ल्यूएव्ही काढा, आणि मग बाकीचे ट्रॅक बंद करून एकेका ट्रॅकची सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळी डब्ल्यूएव्ही काढा. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू झालेले हवेत, मग जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवले की आपोआप जुळतात. माझ्याकडे दुसऱ्या स्टुडिओतून काम येतं तेव्हा मी आजही एवढंच मागतो, प्रोजेक्ट फाइल मागत नाही.

बाबांनी बारीत कुठे काय सुरू होतं त्याच्या खुणा केल्यात का? या खुणा डब्ल्यूएव्ही फाइलीच्या आत वेगळ्या कप्प्यात राहू शकतात. एमपी३ केलं की त्या जातात. फ्लॅक करतानाही 'बाहेरची माहिती जपा' असा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, नाहीतर तिथेही गळतात.

कर्लीकाठ

खुणा आहेत! रूपावली, अभंग, गौळण, गजर, प्रत्येकाला वेगळी. बाबा म्हणाले, 'नाहीतर दोन बुवांची भांडणं शोधायची कशी?'

एडिसनकर

बाबांना कूल एडिटच हवं असेल तर आभासी मशीन करा. जुन्या डिस्कची अख्खी प्रतिमा (एका फाइलीत हुबेहूब नक्कल) घ्यायची, व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची, आणि विंडोज ११ च्या आत खिडकीत एक्सपी सुरू. सेशन उघडायला मस्त.

सोल्डरताई

एक मेख आहे. दुकानदाराने मशीनबरोबर दिलेली एक्सपी हार्डवेअर बदललं की पुन्हा ॲक्टिव्हेशन मागते. आभासी मशीन हे तिच्या दृष्टीने नवं हार्डवेअरच. आणि त्यातून रेकॉर्डिंग करायला जाऊ नका. जुनं पीसीआय साउंड कार्ड तिथे दिसणार नाही, आणि आवाज अडखळत येईल. जुन्या सेशनमध्ये डोकावण्यापुरतं ठीक.

काकांसाठी मी ओसेनऑडिओ सुचवेन. ब्राझीलच्या सांता कातारिना विद्यापीठात तयार झालंय, फुकट आहे. एक खिडकी, मोठी लाट, माउसने निवडा आणि कापा. कूल एडिटवर हात बसलेल्या माणसाला ऑडॅसिटीपेक्षा ते लवकर जमतं. मल्टिट्रॅक मात्र त्यात नाही.

नोंदवही

वाचनखूण साठवली. मी ग्रंथालयात काम करते, म्हणून आवाजापेक्षा त्याच्याभोवतीच्या माहितीबद्दल लिहिते.

'बारी१ फायनल न्यू चांगली' हे नाव आज बाबांना कळतं. तुम्हालाही अंदाजाने कळेल. तुमच्या मुलांना नाही. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी उभा केला आणि आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहे, तो जरूर बघा. लाखाहून जास्त ओव्या आहेत. पण मला थक्क करते ती प्रत्येक ओवीखालची नोंद: गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. ही माहिती नसती तर एवढ्या मोठ्या संग्रहात कोण काय गातंय हे कुणी सांगितलं असतं?

तुम्हीही एक साधा तक्ता करा. दोन्ही बुवांची नावं, पखवाजाला कोण, कुठल्या देवळात, कुठल्या जत्रेला किंवा सप्त्याला, आणि मूळ कॅसेटवर काय लिहिलंय ते शब्दशः. बाबांना शेजारी बसवून. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करणार नाही, आणि ते पुढे ढकलण्यासारखंही नाही.

आणखी एक. पहिल्या कॉपीनंतर फाइलींची नावं लगेच बदलू नका. सेशन आणि एयूपी जुन्या नावांवर टेकलेले असतात. एक प्रत जशीच्या तशी ठेवा, नावं दुसऱ्या प्रतीत बदला.

कर्लीकाठ

नोंदवही, गंमत म्हणजे बाबांनी यादी केलेली आहे! वर्डची फाइल. पण लॅपटॉपवर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो.

नोंदवही

शिवाजी, श्रीलिपी किंवा तसल्या कुठल्यातरी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असणार. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे, त्यामुळे फाँट नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. एक्सपीच्या विंडोज फोल्डरातल्या फाँट्स फोल्डरातून तो फाँट उचला, लॅपटॉपवर बसवा, यादी वाचता येईल. मग त्याच फाँटसाठीच्या परिवर्तकातून युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात. म्हणून डिस्कवरून फक्त गाणी घेऊ नका, फाँटही घ्या.

चिंचगूळ

एमपी३ चा मुद्दा मान्य, मूळ प्रत ठेवावी. पण कॅसेटी अजून असतील तर पुन्हा पहिल्यापासून उतरवणं बरं नाही का? आता टेप कॉम्प्युटरला जोडायचे चांगले इंटरफेस मिळतात.

रिळवाला

चांगला प्रश्न, आणि उत्तर दोन्हीकडे आहे. कोकणची हवा कॅसेटीला वाईट. पट्टीवर पांढरी बुरशी धरलेली असेल तर तशीच वाजवू नका, हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीलाही लागते. २००६ मध्ये उतरवलं तेव्हा पट्टी वीस वर्षांनी तरुण होती. काही कॅसेटींच्या बाबतीत ती जुनी फाइलच आता सगळ्यात चांगली प्रत असेल.

पण त्या काळी सगळ्यांना नॉइज रिडक्शनचा सोस होता. हिस, म्हणजे पट्टीची सुसू, घालवायच्या नादात आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा. बाबांनी तसं करून त्याच फाइलीवर सेव्ह केलं असेल तर ते परत फिरवता येत नाही. अशा बाऱ्यांची कॅसेट धड असेल तर ती पुन्हा उतरवाच. उतरवताना डेकच्या हेडचा कोन त्या कॅसेटीपुरता जुळवून घ्या. हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवत, मोनोमध्ये ऐकत, झांज सगळ्यात उघडी वाजेल तिथे थांबा. हिस राहू दे. कान तिला दोन मिनिटांत सरावतो.

कर्लीकाठ

अपडेट. अडॅप्टर आला, डिस्क लागली, टकटक वगैरे काही नाही. आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा घेतली, मग फोल्डर कॉपी केले. सोल्डरताईंनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे विंडोजच्या पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅशने दोन्हीकडच्या फाइलींचे ओळख-आकडे काढून ताडून बघितले. सगळे जुळले. आता डिस्क परत मशीनमध्ये बसवून बाबा एकेक सेशन उघडून ट्रॅक वेगळे काढतायत. ओसेनऑडिओ दाखवलं, तर 'बघू' म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे पुष्कळ झालं.

एक शंका. बऱ्याच फाइलींची तारीख १ जानेवारी २००२ दाखवते. तेव्हा तर हा कॉम्प्युटर घरात नव्हता.

सोल्डरताई

मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपलेली आहे. मशीन बंद झालं की घड्याळ पहिल्या तारखेला जातं, आणि त्या दिवशी सेव्ह केलेल्या प्रत्येक फाइलीवर तीच तारीख बसते. सीआर२०३२ घाला, किरकोळ किमतीत मिळते. कधीकधी सुरू होताना अडतं तेही त्यानेच असू शकेल. तेवढ्याने भागलं नाही तर पॉवर सप्लायच्या कॅपॅसिटरचं डोकं फुगलंय का बघा. जुन्या तारखा मात्र दुरुस्त होणार नाहीत, त्या तक्त्यात घेऊ नका.

नोंदवही

तारीख बारीतच ऐका. बुवा सुरुवातीला देवस्थानाचं, यजमानांचं, उत्सवाचं नाव घेतातच.

तिरफळ

आणि समोरच्या बुवाक काय काय बोलले ताव लिवन ठेव. तेच्यावरून वर्ष नक्की गावतला.

कर्लीकाठ

तिरफळ, खरंच गावला! एका गजरात बुवांनी दुसऱ्यांना टोमणा मारलाय कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाल्यावरून. म्हणजे १९९८ च्या आसपास. बाबांनी लगेच सांगितलं कुठल्या वाडीतली बारी ते, आणि तक्त्यात लिहून घेतलं.

यूट्यूबवर टाकायचं असं चुलतभावाचं चाललंय. दोघांपैकी एक बुवा हयात आहेत, दुसऱ्यांचा मुलगा गावात असतो. आधी त्यांना विचारू, मग बघू.

अडॅप्टर आता रिकामाच आहे. कुडाळ-सावंतवाडी भागात कुणाकडे अशी आयडीई डिस्क पडून असेल तर व्यनि करा, घेऊन जा. पॉवर सप्लायसकट देतो.